वळणाचे डिझेल

३ मार्च

प्रिय धाकटीस,

तू गेल्यापासून पत्र लिहीन म्हणत होतो, पण लिहिण्यासारखे काही नव्हते. आता एक अडचण आली आहे म्हणून लिहितो. फोनवर मला नीट मांडता येत नाही, आणि तूही दुकानात गिऱ्हाइकांच्या गराड्यात असतेस. कागदावर एकेक मुद्दा सुटा करता येतो.

नांगरट सुरू केली. ट्रॅक्टरला नांगर जोडायला मला सकाळभर लागले. ही, तुझी ताई, तेच काम चहा निवायच्या आत करून यायची. असो. अडचण जोडण्याची नाही, डिझेलची आहे.

यंदाही संस्थेच्या पंपावर डिझेल क्षेत्राप्रमाणे वाटूनच मिळते आहे. आपल्या शेताला गेल्या वर्षीइतकेच, तीन पिंप. गेल्या वर्षी तेवढ्यात हिने नांगरट, कुळवणी, पेरणी सगळे उरकले आणि वर एक कॅन उरवले. यंदा पहिले पिंप संपले आणि नांगरट अजून निम्म्याचीही निम्मी झालेली नाही. असेच चालले तर पेरणीला थेंब उरणार नाही, आणि जास्तीचे कोणालाच मिळत नाही.

शेत तेच, ट्रॅक्टर तोच, नांगर तोच. फक्त चालवणारा बदलला. एका माणसाच्या फरकाने इतके डिझेल कसे जाईल, ते मला समजत नाही. गळती असेल म्हणून ट्रॅक्टरखाली पुठ्ठा पसरून ठेवला. पुठ्ठा कोरडा. चोरी म्हणावी तर पिंपांच्या खोलीची किल्ली माझ्याच खिशात. हिने कुठे काही टिपून ठेवले आहे का तेही पाहिले. नाही. ती लिहीत नसे. घरात लिहिण्याचे काम माझ्याकडे होते.

आपले ठरले आहे ते माझ्या लक्षात आहे. हा हंगाम मला एकट्याला जमला तर शेत आपल्याकडे ठेवायचे. पेरणी अर्धवट राहिली तर ते मोठ्या यंत्रांच्या कंपनीला लावून द्यायचे. अर्धे शेत तुझे आहे, तुझे म्हणणे वाजवी होते. पण मला ते द्यायचे नाही, हे तुला माहीत आहे.

तुम्ही दोघी बहिणी बाबांच्या हाताखाली ट्रॅक्टर शिकलात. ही काय वेगळे करायची, ते कळव.

आपला,
भाऊजी


९ मार्च

भाऊजी,

पत्र मिळालं. मुद्देसूद आहे. खाली शिक्का तेवढा मारायचा राहिला.

तुम्ही विचारलंत म्हणून आठवतं ते लिहिते. बाबा शिकवताना एवढे ओरडायचे की विसरायची सोयच नाही. आधी मला सांगा, इंजिनाचा आवाज कसा असतो? तुम्ही खालच्या गिअरमध्ये रेस फुल ठेवून चालवत असणार. नवीन माणसाला वाटतं, आवाज मोठा म्हणजे काम जोरात. एक गिअर वरचा टाका आणि रेस कमी करा. इंजिन गुणगुणत राहिलं पाहिजे. ते कण्हायला लागलं, धूर काळा झाला, की मग गिअर खाली.

एअर फिल्टर उघडून बघा. ताई गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नसेल. तो मातीने भरला की इंजिन नाक दाबून पळणाऱ्या माणसासारखं होतं. फाळ बोथट असतील तर धार लावून घ्या. टायरमधली हवा बघा. जेवायला बसता तेव्हा इंजिन बंद करता ना? काही लोक शोभेला चालू ठेवतात.

आणि किती खोल नांगरताय? तुम्ही पट्टी घेऊन पुस्तकातल्या आकड्यापर्यंत जात असाल. विहीर खणायची नाहीये. वीतभर पुरे.

बाकी ताई वेगळं काय करायची, ते मला तरी काय माहीत. ती तिथे शेतात, मी इथे शिवणाच्या मशीनवर.

शेजारचा शिडीदादा दिसतो का कधी? काही बोलतो का? सहज विचारलं.

जेवता ना वेळेवर? ताई तुम्हाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही, त्याचे परिणाम आता भोगत असाल. परवा एका बाईचा कोट मी ताईच्या मापाने कापून ठेवला. बाई घालून बघायला आल्या तेव्हा कळलं. कापड भरून दिलं.

तुमची,
धाकटी


१७ मार्च

प्रिय धाकटीस,

तू सांगितलेस त्याप्रमाणे सर्व केले. फिल्टरमधून वाटीभर माती निघाली. फाळांना धार लावून आणली. पट्टीचे तुला कसे कळले ते माहीत नाही, पण पट्टी वापरत होतो. आता वीत वापरतो. जेवताना इंजिन बंद करतो, पूर्वीही करत होतो.

गुणगुणणे आणि कण्हणे यांतला फरक मात्र मला समजलेला नाही. काल दोन्ही एकदमच होत आहे असे वाटले.

डिझेल कमी लागू लागले, हे खरे. पण हिच्याइतके कमी नाहीच. म्हणून मी एक दिवस चालवता चालवता नुसते लक्ष ठेवले. सरळ जाताना ट्रॅक्टर फार खात नाही. टोकाला गेल्यावर नांगर उचला, वळा, मागे घ्या, पुन्हा वळा, नांगर टाका, यात त्याचे पोट रिकामे होते. आपले शेत रुंदीला मोठे आणि लांबीला आखूड. एका टोकाला गाडीरस्ता, दुसऱ्या टोकाला शेजाऱ्याची हद्द. ओळ सुरू झाली न झाली तोच वळण येते. वळून वळून टोकाची जमीन दाबली जाते, ती पुन्हा आडवी नांगरावी लागते. रुंदीकडून नांगरावे तर उतार आहे, माती वाहून जाईल. पण हे सगळे हिलाही होतेच. मग हिला कसे पुरले?

आणखी एक गोष्ट घडली. शेताच्या त्या टोकाला हद्दीचे चारही दगड जमिनीवर आडवे आढळले.

तू तेव्हा शाळेत होतीस. बाबांनी शेत तुम्हा दोघींच्या नावे केले, तेव्हा मी मोजणी खात्यात नवीन होतो आणि साखळी मीच लावली होती. हद्द दोन हात आपल्या आत आलेली निघाली. दगड शेजाऱ्याच्या बाजूला सरकवावे लागले. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही आणि मी त्याच्याशी. मोजणी बरोबर होती. त्यानंतर यंदाच्या नांगरटीपर्यंत त्या टोकाला मी गेलो नव्हतो. मोजणी झालेली होती, मग जाऊन काय पाहायचे?

तर ते दगड. पाडले असते तर कसेही पडले असते. हे चारही एकाच दिशेला डोके करून, गवतात नीट निजवल्यासारखे होते. खड्डे बुजवून सपाट केलेले. मला उलगडा होत नाही. ही नाही म्हणून कोणी फायदा घेतला असे म्हणावे, तर दगडांखाली गवताचे मूळही उरलेले नव्हते. म्हणजे ते जुनेच आडवे आहेत. मग हिच्या लक्षात कसे आले नाही?

मी घरातली जुनी साखळी काढली, पुन्हा मोजले, आणि दगड आपल्या जागी उभे करून भोवतीची माती ठोकून बसवली. त्यात एक दिवस गेला आणि पाठ धरली. शेजारी त्याच्या बाजूला हात मागे बांधून उभा होता. पाहत होता. 

आपला,
भाऊजी


२१ मार्च

भाऊजी,

दगड का उभे केलेत? म्हणजे, आत्ताच का? डिझेल संपत आलंय, जमिनीतला वाफसा निघून चाललाय, आणि तुम्ही साखळी काढून बसलात. होते तसे राहू द्यायचे. पेरणी झाल्यावर काय ते बघता आलं असतं.

आणि शिडीदादावर आळ घेऊ नका. तो तसला माणूस नाही. आम्हा दोघींना सायकल त्यानेच शिकवली. ताई पडली की तिला आधी हसायचा आणि मग उचलायचा.

मीच यायला हवं होतं. पण शाळांचे गणवेश अंगावर घेतलेत, मान वर करायला वेळ नाही. मी असते तर तुम्हाला… जाऊ दे. पत्रात नको.

शक्य झालं तर ते दगड पुन्हा काढा. का, ते विचारू नका.

घाईत,
धाकटी


२७ मार्च

प्रिय धाकटीस,

तुझे पत्र पुन्हा पुन्हा वाचले. हद्दीचे दगड काढा आणि का ते विचारू नका, असे मला नोकरीच्या सबंध काळात कोणी सांगितले नव्हते. सांगणारे होते, पण ते निदान कारण देत.

तुला काहीतरी माहीत आहे आणि तू ते सांगत नाहीस, एवढे मला कळले. त्यापलीकडे काही कळत नाही. जे पाहिले ते लिहितो.

आपला खालचा अर्धा भाग नांगरून झाला. वरचा अर्धा बाकी आहे. तिथे गेल्या वर्षीच्या पिकाची धसकटे अजून उभी आहेत. काल हद्दीपर्यंत चालत गेलो. हिने पेरलेल्या ओळी दगडांपाशी येऊन वळत नाहीत. थांबतही नाहीत. दगडांच्या पलीकडे शेजाऱ्याच्या शेतात तीच ओळ, तेच अंतर, थेट ओढ्यापर्यंत. मी वाकून पाहिले, मग गुडघ्यावर बसून पाहिले. वळल्याशिवाय ट्रॅक्टर परत कसा आला?

दुसरे. शेजाऱ्याने त्याच्या शेताचा खालचा अर्धा भाग केव्हाच नांगरला आहे. वरचा तसाच पडला आहे. त्याचा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा आहे, माणूस धडधाकट आहे. रोज संध्याकाळी येतो, त्या वरच्या भागाकडे पाहतो आणि परत जातो. कशाची वाट पाहतो?

तिसरे. थंडीत, आजारी पडण्याच्या थोडे आधी, ही मला म्हणाली होती, निवृत्त झालात की नांगरटीला माझ्याबरोबर चला, एक गंमत दाखवायची आहे. कसली गंमत, ते मी विचारले नाही. मला वाटले, पुढे वेळ आहे.

हे सगळे एकत्र मांडले की माझ्या मनात एकच येते. शेत कंपनीला नाही, शेजाऱ्याला द्यायचे तुमचे ठरले असावे. तुझे, त्याचे, आणि कदाचित हिचेही. म्हणून दगड आडवे, म्हणून ओळी सरळ, म्हणून तो वाट पाहतो आहे. तसे असेल तर स्पष्ट सांग. मला वाईट वाटेल, पण समजेल तरी. आत्ता वाईटही वाटते आहे आणि समजतही नाही.

दुसरे पिंप संपत आले आहे. उद्यापासून नांगरट थांबवतो. अर्धे काम करून सगळे डिझेल घालवण्यात अर्थ नाही.

भाऊजी


३ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र वाचलं आणि मशीन बंद करून बसून राहिले. शेत शिडीदादाला? आणि ताईच्या संमतीने? तुम्ही मोजणी खात्यात उगीच गेलात. पोलिसात जायला हवं होतं. तिथेही चुकीचाच माणूस धरला असतात.

मी पहिल्याच पत्रात सांगू शकले असते. पण ताईने माझ्याकडून शब्द घेतला होता. म्हणाली होती, "मी सांगेपर्यंत ह्यांना काही बोलायचं नाही." आता ती सांगायला नाही. मग तो शब्द सुटला, की कायमचा गळ्यात पडला, हे मला ठरवता येईना. अजूनही आलेलं नाही. पण तुम्ही ट्रॅक्टर बंद करून बसलात आणि तिच्याबद्दल भलतंच मनात घेतलंत, तेव्हा सांगते.

डिझेल वाटून मिळायला लागलं त्या वर्षी ताईचंही तुमच्यासारखंच झालं होतं. कशीबशी पेरणी झाली, तीही उसनं आणून. शिडीदादाचंही तेच. त्याचं शेत म्हणजे आपल्याच शेताची दुसरी बाजू. तसंच रुंद, तसंच आखूड. ताई रस्त्याकडून यायची आणि दगडांपाशी वळायची. तो ओढ्याकडून यायचा आणि दगडांपाशी वळायचा. दोन ट्रॅक्टर दिवसभर तोंडासमोर येणार आणि पाठ फिरवून जाणार. दोघांचं अर्धं डिझेल त्या एका जागी धुरात चाललेलं.

एकदा दोघं एकाच वेळी दगडांपाशी आले. ताईने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि म्हणाली, "दादा, हे दगड आपल्याला चावतात का रे?"

तिथल्या तिथे ठरलं. दोन्ही शेतांचा वरचा अर्धा भाग ताईने करायचा, खालचा अर्धा त्याने. सरळ जायचं, रस्त्यापासून थेट ओढ्यापर्यंत. काम दोघांना होतं तेवढंच, वळणं निम्मी. मधली दाबलेली जमीनच राहिली नाही, त्यामुळे ती पुन्हा आडवी नांगरायचीही नाही. कुळवणी तशीच, पेरणी तशीच. कापणी मात्र ज्याची त्याने, दगडांच्या रेषेने. त्यात दाण्याचाही गोंधळ झाला नाही.

दगड दोघांनी मिळून आडवे केले. ताईने प्रत्येक दगड आपल्या खड्ड्याशेजारीच ठेवायला लावला. म्हणाली, उद्या उभे करायचे झाले तर जागा सापडली पाहिजे, ह्यांची मोजणी आहे. म्हणून ते तुम्हाला नीट निजवल्यासारखे दिसले.

मी तिला म्हटलं होतं, भाऊजींना सांगत का नाहीस, ते काय नाही म्हणणार आहेत? तर म्हणाली, "नाही कशाला म्हणतील? हो म्हणतील. मग नकाशा काढतील, करार लिहितील आणि दादाच्या सहीसाठी त्याच्या दारात उभे राहतील. दादा सही करणार नाही. मग माझं सगळं मोडेल."

हे ऐकून मी हसले होते. तुम्हाला लिहिताना हसू येत नाहीये.

तुमची गंमत हीच होती. निवृत्त झाल्यावर तुम्हाला मडगार्डवर बसवायचं, रस्त्याकडून निघायचं आणि दगडांपाशी वळायचंच नाही. सरळ जायचं. "ह्यांचा चेहरा बघायचाय मला," म्हणाली होती. त्यासाठी तिने एवढी वर्षं दम धरला.

शिडीदादाने वरचा भाग का सोडलाय, ते मी त्याला विचारलेलं नाही. पण तो ताईचा भाग आहे. त्यात आपला ट्रॅक्टर घालणं त्याला जमत नसेल. तुम्हाला येऊन विचारणंही जमत नसेल.

आता पुढे काय करायचं ते मी सांगणार नाही. कंपनीच्या माणसाचा फोन आला होता. महिनाअखेरपर्यंत थांबा म्हटलंय. त्यापुढे मला थांबवता येणार नाही भाऊजी. मला इथून शेत बघता येत नाही आणि पडीक ठेवलं तर बाबांना आवडलं नसतं.

धाकटी


७ एप्रिल

प्रिय धाकटीस,

पत्र मिळाले. 

करार मी लिहिला असता, हे खरे आहे. त्यात चुकीचे काय, ते मला अजून कळलेले नाही. उद्या दोघांपैकी एकाचे काही झाले तर कागद असावा. पाहा, झालेच ना.

संध्याकाळी घरी आली की मी तिला विचारत असे, आज कुठवर आले? ती म्हणायची, टोकापर्यंत. मी जेवायला बसत असे. पुढे काही विचारत नसे.

मला सांगण्यासारखी गोष्ट ती तुला सांगत होती. शेजाऱ्याला तर सांगण्याचीही गरज नव्हती. याचा राग यावा की नाही, हे ठरत नाही. रागवावे तर कोणावर.

आज दगडांपर्यंत गेलो होतो. तो पलीकडे उभा होता.  काय म्हणून सुरुवात करायची? नमस्कार म्हणायला फार उशीर झाला आहे, आणि नमस्काराच्या आधी दुसरे काही म्हणता येत नाही. परत आलो.

भाऊजी


१८ एप्रिल

प्रिय धाकटीस,

मधल्या दिवसांत पत्र लिहिले नाही. काम चालू होते.

सात तारखेनंतरही दोन दिवस ट्रॅक्टर सुरू केला नाही. तिसऱ्या दिवशी पाहिले तर वरची माती पांढरी पडू लागली होती. ढेकूळ हातात घेऊन दाबले, ते कसेबसे फुटले. आणखी चार दिवसांनी फुटले नसते. मी पहार घेऊन हद्दीवर गेलो.

मी दगड नको इतके चांगले बसवले होते. पहिल्याच दगडाने घाम काढला. मी पहार घालून रेटत होतो, तेवढ्यात समोरून दुसरी पहार आली. शेजारी होता. त्याने त्याच्या बाजूने पहार घातली आणि माझ्याकडे न बघता मान हलवली. मी रेटले, त्याने रेटले, दगड निघाला. मग दुसरा. मग तिसरा.  चौथा निघाला तो मी खड्ड्याशेजारी आडवा केला. तेव्हा तो म्हणाला, "डोकं ओढ्याकडे."

मी पाहिले. बाकीच्या तिघांची डोकी ओढ्याकडे होती, माझ्या दगडाचे रस्त्याकडे. मी तो फिरवला. तुझ्या शाळेच्या दिवसांपासून आमच्यात झालेले पहिले बोलणे ते हे.

मग तो त्याच्या शेडकडे गेला. मला वाटले, संपले. पण डिझेलचे कॅन घेऊन परत आला आणि माझ्या ट्रॅक्टरच्या टाकीत ओतू लागला. मी कशाबद्दल ते विचारले. म्हणाला, तुमचा खालचा भाग मी नांगरायचा होता, तुम्ही नांगरून बसलात. त्याचं पिंपभर डिझेल माझ्याकडे पडून आहे, ते काय मी पिऊ? मी पावती मागितली नाही. हे तुला मुद्दाम कळवतो.

वरच्या भागाच्या कडेने, रस्त्यापासून सुरुवात केली. वरचा गिअर, रेस कमी. हद्द जवळ आली तशी माझा पाय आपोआप क्लचवर गेला आणि हात नांगर उचलण्याच्या दांड्यावर. तो तिथे उभा होता. मी हात काढून घेतला. ट्रॅक्टर दगडांच्या मधून सरळ गेला. काही झाले नाही. म्हणजे धक्का वगैरे काही बसला नाही. मला वाटले होते, काहीतरी जाणवेल.

तो ट्रॅक्टरच्या बाजूने चालत होता. दोन पावले पुढे येऊन मोठ्याने म्हणाला, "ती इथं रेस सोडायची. इथून माती हलकी आहे."

मी रेस सोडली. आवाज बदलला. तू लिहिले होतेस ते गुणगुणणे बहुधा हेच. अगदी खात्री नाही, पण ओढ्यापर्यंत तसाच आवाज राहिला. हिने तिथे रोज पाय हलका केला असेल आणि मी तेव्हा ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या हद्दी तपासत असेन. इतकी वर्षे आमचा संसार झाला आणि ही गोष्ट मला तिच्याबद्दल शेजाऱ्याकडून कळली.

दोन्हीकडचा वरचा भाग नांगरून, कुळवून झाला. खालच्या भागाची कुळवणी त्याने केली, तीही दोन्हीकडची, रस्त्यापर्यंत. पेरणी परवा सुरू करू. डिझेल पुरेल. हिच्यासारखे कॅनभर उरणार नाही. कंपनीच्या माणसाला नाही म्हणून कळवून टाक.

हद्द जिथे होती तिथेच आहे. मोजणी बरोबर आहे. फक्त दगड आडवे आहेत.

अजून पुष्कळसे मला समजलेले नाही. तो माझ्याशी बोलतो ते गिअर, माती आणि डिझेल यांबद्दल. बाकी काही विचारावेसे वाटले तरी तोंडातून येत नाही. त्याचेही तसेच असावे. काल इंजिन बंद करून आम्ही जेवायला बसलो. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, ती भाजी फार तिखट करायची. मी हो म्हणालो.

पहिल्या दिवशी हद्द ओलांडताना मी एकदा मडगार्डकडे पाहिले होते. तिथे मी बसणार होतो. हिला माझा चेहरा बघायचा होता, असे तू लिहिलेस. तो कसा झाला होता, ते मला सांगता येणार नाही. शेजारी अगदी समोर उभा होता, त्याने पाहिला आहे. त्याला विचारून तुला कळवले असते, पण आमचे बोलणे अजून तिथवर आलेले नाही.

आपला,
भाऊजी